मंद्रातली तोडी

गोदावरीबाईंचा आवाज चिरकला आणि मी बाबांकडे पाहिलं. ते समोर बघत होते. मांडीवर ताल धरून हलणारा हात तेवढा थांबला होता.

तोडी सुरू होऊन पाच-सात मिनिटंही झाली नव्हती. बाई पंचमापर्यंत नीट गेल्या, तिथून वर चढायला लागल्या, आणि जुनं लुगडं फाटावं तसा आवाज मधोमध फाटला. त्यांनी घोटभर पाणी घेतलं, खाकरल्या, पुन्हा गेल्या. पुन्हा तेच. तबलजीनं ठेका सावरून धरला. हार्मोनियमवाला हुशार, तो बाईंचे सूर स्वतःच वाजवून भोक बुजवायला लागला. बाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं. मग तबलाही थांबला.

"आवाज येत नाही आज," त्या माइकमध्ये म्हणाल्या, शेजारणीला साखर संपल्याचं सांगावं इतक्या साधेपणानं. "तंबोरे चालू राहू देत. ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जावं. मी बसते."

आणि डोळे मिटून बसल्या.

ही सत्त्याहत्तर सालची मिरजेतली गोष्ट. मी वीस वर्षांची, सांगलीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आणि तोंडाची अशी फटकळ की बाबा म्हणायचे, एस्तू, तुला मुका नवराच बघावा लागणार, बोलता माणूस दोन दिवस टिकायचा नाही. बाबा म्हणजे शांतवन चोपडे, मिशनच्या शाळेत गायन आणि ड्रॉइंगचे मास्तर. रविवारी चर्चमध्ये पायपेटी वाजवायचे. पायपेटी ही हार्मोनियमची थोरली बहीण. बाकावर बसून दोन्ही पायांनी भाता मारत राहायचं आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. पाय थांबले की आवाज मेला. मिशनरी गेले तेव्हा ती मागे राहिली आणि बाबा तिच्यापाशी राहिले. पंचवीस वर्षांत ते तिच्यावरून उठले ते फक्त माझ्या जन्माच्या दिवशी आणि आईच्या अंत्यविधीला.

मिरजेला गाण्याची काय कमी! एका संगीत मंडळाची महिन्याला एक सकाळची मैफल असायची, शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या घालून. बाबा आणि त्यांचे दोस्त दस्तगीरचाचा, जे तंबोरे बनवायचे, एकही मैफल सोडत नसत. मी सहावीपासून त्यांच्या शेपटाला. चर्चमधल्या काही जणांना हे खुपायचं. आमचे एक पंच होते, लोखंडेकाका. पंच म्हणजे चर्चचा कारभार बघणारे वडीलधारे. त्यांनी एकदा बाबांना विचारलंच, मास्तर, रविवारी प्रभूची गीतं वाजवता आणि एरवी कृष्णाच्या नि पीराच्या चिजा ऐकायला जाता, हे कसं काय जमतं तुम्हाला? बाबा म्हणाले, मी सूर ऐकायला जातो, त्याचा पत्ता विचारत नाही. लोखंडेकाकांना ते काही पटलं नाही, पण बाबांशिवाय पायपेटी वाजवणारं दुसरं कोण होतं? त्यामुळे विषय तिथंच मिटला.

तर त्या सकाळी बाई डोळे मिटून बसल्या आणि हॉलमध्ये नुसते दोन तंबोरे वाजत राहिले. पाच मिनिटं झाली. मागच्या रांगेतली चार माणसं चपला शोधायला उठली. मंडळाचे सेक्रेटरी व्यासपीठाच्या कडेला जाऊन काहीतरी कुजबुजले, बाईंनी मानही वळवली नाही. दस्तगीरचाचा बाबांच्या कानात म्हणाले, तंबोरे मात्र झकास लागलेत बघा मास्तर. त्यांचं पोर परीक्षेला बसलं असतं तरी त्यांनी आधी तंबोऱ्याचंच विचारलं असतं.

मला मात्र, उठा की हो बाई, असं वाटत होतं. सत्तरीला आलात, नाव कमावलंत, आता लोकांसमोर ही फजिती कशाला? कुणी दुसऱ्यानं फजिती करून घेतलेली मला बघवायची नाही, आणि त्या दिवशी तर नाहीच, कारण दुसऱ्या दिवशी माझीच पाळी होती.

म्हणजे असं की दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. भाकरीचे तुकडे नि द्राक्षरसाचे चिमुकले पेले तबकांत घालून पंच बाकाबाकावर फिरतात. लहानपणी बाप्तिस्मा झाला तरी ते लगेच घेता येत नाही. वयात आल्यावर आधी सगळ्यांसमोर उभं राहायचं, पाळकसाहेब तीन प्रश्न विचारतात, आणि प्रत्येकाला मोठ्यानं "होय, माझा विश्वास आहे" असं म्हणायचं. बाबांनी माझं नाव यादीत परस्पर दिलं होतं. मी सहा आठवडे पाळकसाहेबांच्या वर्गाला गेले, सगळी उत्तरं घडाघडा पाठ केली. उद्या ती म्हणायची होती, आणि माझा विश्वास नव्हता.

तो आईबरोबर गेला. चार वर्षांपूर्वी तिच्या पोटात गाठ निघाली. सगळ्या चर्चनं दर शुक्रवारी उपास धरला, आमच्या घरी प्रार्थना व्हायच्या, बायका रडून रडून देवाला साकडं घालायच्या. मी पहाटे पाचला उठून गार फरशीवर गुडघे टेकायची. सहा महिन्यांनी आई गेली ती गेलीच. मातीहून परतताना एका बाईनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, कुठंतरी विश्वासच कमी पडला असेल बाळ. त्यानंतर मी प्रार्थनेला डोळे मिटायची तेव्हा पलीकडे कोणी नसायचं. चर्चमध्ये गायला उभी राहायची, पण नुसतं तोंड हलवायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांना तर नाहीच नाही.

हॉलमध्ये दहा मिनिटं होऊन गेली असावीत. निम्मे लोक गेले. मग बाईंचे ओठ हलले. आधी मला वाटलं तंबोराच बोलतोय. त्यांनी मंद्रात सूर लावला होता, अगदी खाली, जिथं बाया सहसा फारशा थांबत नाहीत. आवाज म्हणावा तर आवाजही नव्हता, घरघरच होती म्हणा ना. पण सुरात होती. त्यांनी तिथंच तोडी मांडली. वर जाण्याचा प्रयत्नच केला नाही. मधल्या षड्जापर्यंत यायच्या, तिथं टेकायच्या, पुन्हा खाली उतरायच्या. तबला त्यांनी पुन्हा सुरूच होऊ दिला नाही. तासभर गायल्या. जे उरलो होतो ते हळूहळू पुढे सरकलो, कारण मागं ऐकू येत नव्हतं. शेवटी मी त्यांच्यापासून तीन हातांवर बसले होते आणि रडत होते. आई गेल्यावर मी घरात रडले, संडासात रडले, पण माणसांत बसून रडले ती तेव्हा पहिल्यांदा. लाज कशी ती वाटली नाही.

गाणं संपल्यावर टाळ्या फार वाजल्या नाहीत. दस्तगीरचाचा बाईंच्या पाया पडून आले आणि थेट सायकलवर बसून निघून गेले. बाबा म्हणाले, चल, चहा घेऊ.

स्टेशनरोडवर एक हॉटेल होतं, तिथं मैफलीनंतर आम्ही नेहमी जायचो. एरवी बाबा बशीत चहा ओतायच्या आधी गाण्याची चिरफाड सुरू करायचे. त्या दिवशी बशीला हातही लावला नाही. चहा निवून साय धरली. मी म्हटलं आता बोलले नाही तर उद्या सकाळी मला खोटं बोलावं लागेल, आणि बोलूनच टाकलं.

"बाबा, मी उद्या उभी राहणार नाही."

ते माझ्याकडे वळले.

"मला ते प्रश्न विचारतील आणि मी हो म्हणेन आणि ते खोटं असेल. मला नाही जमायचं. आई गेल्यापासून मला काही वाटतच नाही. मी प्रार्थना करते तर भिंतीशी बोलल्यासारखं होतं. आत्ता त्या बाई गात होत्या ना, तिथं मला कुणीतरी असल्यासारखं वाटलं. चर्चमध्ये कध्धी नाही वाटत."

आता काय होईल याचं चित्र मी रात्रभर रंगवलं होतं. ते चिडतील, नाहीतर शास्त्रवचन सांगतील, नाहीतर, सगळ्यात वाईट म्हणजे, हात धरून तिथंच प्रार्थना करायला लागतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. चहावरची साय बोटानं काढून बशीच्या कडेला लावली आणि म्हणाले, "चारला चर्चमध्ये ये. पेटीचा भाता बघायचाय, एकट्यानं होत नाही."

मला इतका राग आला म्हणून सांगू! मी काळीज उघडून ठेवलं आणि हे भात्याचं बोलतायत. पण बाप होता, गेले.

चारला चर्चमध्ये कुणी नव्हतं. उन्हाचे पट्टे बाकांवर पडले होते. बाबांनी पायपेटीची मागची फळी काढली होती आणि भात्याचं कातडं चाचपत बसले होते. मला एक कडा धरायला सांगितली. मी धरली. बराच वेळ ते खळ आणि चामड्याचा तुकडा घेऊन काम करत राहिले आणि मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"साडेतीन वर्षं झाली. मी प्रभुभोजन घेतलेलं नाही."

मला आधी कळलंच नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्याच चर्चमध्ये बसत होते. मी म्हटलं, असं कसं होईल?

त्यांनी सांगितलं ते असं. प्रभुभोजन चालू असताना पायपेटी थांबत नाही. पंच तबकं फिरवतात, लोक भोजनाचं गीत गातात, आणि वाजवणारा वाजवत राहतो. आई गेल्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला लोखंडेकाका तबक घेऊन पेटीपाशी आले. बाबांचे दोन्ही हात पट्ट्यांवर होते. त्यांनी मान हलवली. लोखंडेकाकांना वाटलं, गाणं झाल्यावर घेतील. ते पुढे गेले. गाणं संपलं तोवर तबकं टेबलावर परतून पांढऱ्या कापडाखाली झाकली गेली होती. पुढच्या महिन्यात बायकांच्या बाजूच्या पंचाला वाटलं पुरुषांच्या बाजूच्यानं दिलं, आणि त्याला वाटलं ह्यानं दिलं. मग ती रीतच पडली. पेटीवाल्याला कुणीतरी देतं, असं सगळे धरून चालले, आणि कुणीच देत नव्हतं.

"भाकर घ्यायला हात रिकामा लागतो," बाबा म्हणाले. "मी तो रिकामा होऊ दिला नाही, एवढंच. तिथं बसलं की कुणी विचारत नाही तुझा विश्वास आहे का म्हणून. सूर बरोबर आहे ना, मग झालं."

मी कातडं सोडून दिलं. मला दया यायला हवी होती, पण आला तो संताप. पंचवीस वर्षं चर्चमधल्या पोरासोरांना गीतं शिकवणारा माणूस, ज्याच्याकडे बघून मी स्वतःला पापीण समजत होते, तो महिन्याच्या महिन्याला माझ्यासारखाच नुसतं तोंड हलवत होता! आणि वर माझं नाव यादीत घालतो!

"मग मला का ढकलत होतात?" मी ओरडलेच. रिकाम्या चर्चमध्ये आवाज असा घुमला की माझी मीच दचकले. "तुम्हाला जमत नाही म्हणून तुमच्या बदली मी?"

"हो," ते म्हणाले.

एवढं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं.

"मला वाटलं, घरातलं कुणीतरी असावं तिथं. तुझी आई होती तोवर ती असायची. मग कुणीच राहिलं नाही." त्यांनी खळीचा हात फडक्याला पुसला. पुसतच राहिले. "चुकलं माझं. तुझं नाव द्यायला नको होतं."

"मग तुम्ही परत का घेत नाही? बाकावर जाऊन बसायचं, घ्यायचं."

"पेटी कोण वाजवणार?"

"हे कारण झालं."

"हो, कारणच आहे," ते म्हणाले. "आधी वाटायचं, आत काहीतरी पूर्वीसारखं लागेल, मग घेईन. लागेचना. वाट बघता बघता दिवस गेले, आणि आता भीती वाटते. एवढ्या दिवसांनी कोणत्या तोंडानं जायचं?" मग फळी पुन्हा बसवता बसवता, "आज बाईंना जेवढं येत होतं तेवढ्यावर बसल्या त्या. तासभर. मी तेवढंही केलं नाही. भूक लागलीय गं मला, एस्तू."

माझे बाबा. सहा फूट उंच, शाळेत पोरं ज्यांच्या खाकरण्यानं गप्प व्हायची. ते स्क्रू घट्ट करत होते आणि स्क्रू केव्हाच घट्ट झालेला होता. मी तशीच घरी निघून आले. संध्याकाळी पिठलं-भात केला, दोघांनी खाल्ला.

रविवारी चर्च भरलं होतं. आमच्याकडे तेव्हा बायका डाव्या बाजूला आणि पुरुष उजव्या बाजूला बसायचे. पायपेटी डावीकडे पुढे, कोपऱ्यात. उभे राहणारे आम्ही सातजण होतो. पोरांनी नवे शर्ट घातले होते, पोरींनी पांढरी लुगडी. मीही पांढरंच नेसले होते, आईचं. काय करायचं ते ठरलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. ठरलं होतं.

पाळकसाहेब उजगरे मोठे मायाळू माणूस. त्यांनी एकेक नाव वाचायला सुरुवात केली. पाचवं नाव माझं आलं, एस्तेर शांतवन चोपडे. मी जागेवरच उभी राहिले.

"पाळकसाहेब, मी आज नाही," मी म्हटलं. "माझी तयारी नाही."

सगळ्या माना फिरल्या. मागून कुणीतरी "अगंबाई" म्हणालं. लोखंडेकाकांचं तोंड उघडंच राहिलं. मी बाबांकडे बघितलं नाही. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, "बरं बाळ. बस." मग पुढचं नाव वाचलं. सहाजण पुढे गेले आणि मोठ्यानं होय म्हणाले, आणि मला त्यांचा हेवा वाटला. खोटं कशाला सांगू, खूप हेवा वाटला.

मग टेबलावरचं पांढरं कापड काढलं. भाकर मोडली. बाबांनी भोजनाचं गीत सुरू केलं, लोक बसल्या बसल्या गायला लागले आणि पंच तबकं घेऊन निघाले. पुरुषांच्या दुसऱ्या बाकावर तबक गेलं तेव्हा मी उठले. बायकांना वाटलं ही रडत बाहेर चाललीय. शेजारच्या बाईनं तर माझा पदर धरला. मी तो सोडवून घेतला आणि कडेच्या वाटेनं पुढे गेले, कोपऱ्यात, आणि पेटीच्या बाकावर बाबांच्या उजव्या अंगाला बसले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात चालूच होते.

"सरका," मी म्हटलं.

ते सरकले नाहीत. मी वरच्या पट्ट्यांवर चाल धरली. मला त्यांनीच शिकवलं होतं, रविवारच्या शाळेत मी वाजवायचीही, पण उपासनेत कधी नाही. दोघं मिळून एक कडवं वाजवलं. मग त्यांनी उजवा हात उचलला. हवेत तसाच धरून ठेवला क्षणभर, जणू कुठं ठेवावा कळत नव्हतं. मग डावा. हातांचं सोपं होतं, अडचण पायांची. ते पाय काढणार आणि मी घालणार त्यात भाता थांबला आणि आवाज असा रडकुंडीला येऊन खाली बसला की लोकांनी गाणं सोडून इकडे बघितलं. मी दोन्ही पायांनी जीव खाऊन भाता मारला. आवाज उठला. लोक पुन्हा गायला लागले.

बाबा उभे राहिले. साडेतीन वर्षांत प्रभुभोजनाच्या वेळी त्यांना कुणी उभं पाहिलं नव्हतं, आणि हे त्याच वेळी लोकांच्या ध्यानात आलं असणार. पुरुषांच्या बाजूला जायचं तर सगळ्यांसमोरून टेबल ओलांडून जावं लागलं असतं. त्यांना ते झालं नाही. ते जवळच्या, बायकांच्या पहिल्या बाकावर जाऊन बसले. तिथल्या दोन म्हाताऱ्यांनी पदर सावरून त्यांना जागा करून दिली, जसं काही रोजचंच आहे. त्या दोघींचं नाव मी अजून आदरानं घेते.

लोखंडेकाका तबक घेऊन त्यांच्यासमोर आले. मी कोपऱ्यातून सगळं बघत होते, बोटं आपोआप चालली होती. काका वाकून हळूच म्हणाले, "मास्तर, तुम्हाला तिकडे पेटीवर देतात ना दर वेळी?" बाबांनी मान हलवली, नाही. लोखंडेकाकांनी पलीकडच्या पंचाकडे बघितलं, पलीकडच्यानं त्यांच्याकडे. दोघांच्या चेहऱ्यावरून एकदम रंग उडाला. साडेतीन वर्षांचा हिशेब त्यांना उभ्या उभ्या लागला. काकांनी तबक बाबांपुढे आणखी खाली धरलं, आणि बाबांना मैफलीवरून बोलणारे ते कडक लोखंडेकाका म्हणाले, "माफ करा हो मास्तर."

बाबांनी भाकर घेतली. लगेच खाल्ली नाही. उघड्या तळव्यावर ठेवून बघत बसले. मला वाटलं आता ठेवतात परत. मग त्यांनी ती तोंडात टाकली आणि शहाण्या मुलासारखी सावकाश चावली.

माझं पुढं काय झालं ते विचारू नका, ती वेगळी कथा आहे आणि अजून संपलेली नाही. आज मी सदुसष्ट वर्षांची आहे, त्याच पेटीवर बसते, भाता आता विजेवर चालतो. बाबा त्यानंतर अकरा वर्षं होते आणि एकही प्रभुभोजन त्यांनी सोडलं नाही. गोदावरीबाईंचं गाणं आम्ही पुन्हा कधी ऐकलं नाही. पण तो रविवार आठवला की मला ह्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते नंतरचं.

लोखंडेकाका तिथून तसेच माझ्याकडे आले. आता पेटीवाल्याला ते आयुष्यात विसरणार नव्हते. मी सगळ्यांसमोर नाही म्हटलंय, हेही ते त्या गडबडीत विसरले होते बिचारे. तबक माझ्यापुढे धरलं. माझे दोन्ही हात पट्ट्यांवर होते. मी मान हलवली आणि हसले, कारण खरोखर हसू आलं. तेही भानावर आले, कसंनुसं हसले आणि पुढे गेले.

तेवढ्यात बाबा गायला लागले. पेटीवर बसणारा माणूस गात नाही, त्याला सगळ्यांचं गाणं सांभाळायचं असतं. आईच्या आजारपणापासून मी त्यांचा गाण्याचा आवाज ऐकलाच नव्हता. आज ऐकला. खर्जातला, गावभर सुराच्या चुका काढणाऱ्या माणसाचा चक्क बेसूर. बायकांच्या बाकावरून एकटा पुरुषाचा आवाज येत होता, आणि मधेच तो थांबायचा, नाक ओढल्याचा आवाज यायचा, पुन्हा सुरू व्हायचा. असं करता करता ते सगळ्यांच्या एक ओळ मागं पडले. मंडळी शेवटच्या ओळीवर आली होती, आता गीत संपणार होतं, आणि बाबा अजून तिच्या आधीच्याच ओळीत अडकले होते.

मी शेवटची ओळ वाजवलीच नाही. मागं आले आणि बाबांची ओळ पुन्हा घेतली. लोक गोंधळले, पुस्तकात बघायला लागले, पण पेटी जिकडे जाते तिकडे मंडळी जाते. सगळ्या चर्चनं ती ओळ पुन्हा म्हटली, त्यांच्याबरोबर.